हळदीच्या गोदामातला डाऊट

किस्से सांगायला बसलं की माझं एक होतं. एक सांगावा तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा, आणि समोरच्याचा चहा गार होतो. परवा गल्लीतली मंडळी आली. म्हणाली, "काका, आपल्या जुन्या थिएटरचा इतिहास लिहून द्या. स्मरणिका काढायचीय." मी म्हटलं, बाबांनो, इतिहास कसला? आमच्या थिएटरला इतिहास नव्हताच. नुसते डाऊट होते!

गोष्ट सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांतली. सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत एका शेठचं हळदीचं गोदाम होतं. ते रिकामं पडलं, शेठला नाटकाचा नाद, म्हणून त्यानं किल्ली आमच्या सुभेदारांच्या हातात दिली. शेठचा मुलगा मात्र "गोदाम परत घ्या" म्हणून बापाच्या मागं लागलेला. म्हणजे जीव आमचा, पण टांगलेला त्यांच्या खुंटीला.

सुभेदार मूळचे कुंडलचे. तोफखान्यातून पेन्शनीत निघाले, ऊस भावाच्या हवाली केला आणि नाटकं बसवायला सांगलीत आले. माणूस सोन्यासारखा, पण संशयाचा किडा डोक्यात कायमचा! कुणी लवकर आला तरी "मला डाऊट हाय," उशिरा आला तरी "मला डाऊट हाय." प्रयोग रविवारी दुपारीच ठेवायचे, कारण अंधाराचाही त्यांना डाऊट! देशात आणीबाणी लागली ती नंतर. आमच्या गोदामात ती आधीपासून चालू होती.

त्यांचा भरवसा साऱ्या जगात दोघांवरच. एक मारुती, गेटवर उभा राहणारा. हा जतकडचा धनगर, फौजेत सुभेदारांच्याच हाताखाली होता. त्याच्या तोंडून "व्हय साब" सोडून दुसरा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. गुपितातलं काही असलं की सुभेदार त्याला गेटवर गाठून बोलायचे, आम्हाला कधी जवळ फिरकू द्यायचे नाहीत.

आणि भरवशाचा दुसरा म्हणजे आमच्या रहस्यनाटकातला इनामदार. पडदा उघडतो तेव्हाच तो मरून पडलेला असतो. इनामदार म्हणजे चादर पांघरलेला लोड होता!

*

हळद गेली तरी गोदामातून गेली नव्हती. भिंतीला टेकलं की पाठ पिवळी, बाकावर बसलं की धोतर पिवळं. आमच्या नाटकात शोकाचा प्रवेश आला की निम्मं पब्लिक शिंकायचं.

एकदा मलकापूरचा एक गडी बायकोला न सांगता नाटक बघायला आला. घरी म्हणाला, कऱ्हाडला कामाला गेलतो. बायकोनं बघितलं तर गळा पिवळा, कान पिवळे, सदरा पिवळा! तिनं जो काही आकांत मांडला! "कुणाची हळद लावून घेतलीसा? दुसरी केली व्हय?" तो म्हणतोय नाटक, ती म्हणतेय बास करा नाटक!

पुढच्या रविवारी ती दोन भावांना घेऊन थेट आमच्या दारात. "आमचे मालक हितं आलते का, खरं सांगा!"

सुभेदारांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मालकाचं नाव? नाटक कुठल्या बाकावर बसून बघितलं? कुणी पाठवलं तुमाला?" बाई रडकुंडीला आली. शेवटी मी तिला आत नेऊन बाकावर बसवलं. उठली तेव्हा लुगडं पिवळं! ते बघून दोघं भाऊ हसायला लागले आणि बाईही हसली. नवऱ्याची सुटका झाली.

ती गेल्यावर सुभेदार म्हणाले, "मला डाऊट हाय. दुसऱ्या मंडळानं धाडली आसंल."

*

या गोदामाच्या मधोमध एक पेव होतं. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. आमच्याकडं ती बुजवत बुजवत पाच पायऱ्यांवर आणलेली. तिच्याच कडेला आम्ही स्टेज बांधलं आणि पेवात प्रॉम्प्टर बसवला. तो प्रॉम्प्टर म्हणजे मी!

दिवसा मी एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. मिरज कुठं लागते, विटा किती वाजता सुटते, हेच सांगून घसा बसायचा. पण रविवारी त्या पाच पायऱ्या उतरलो की मी वेगळाच माणूस. स्टेजवर उभं राहायचं म्हटलं तर माझे पाय लटपटतात. पेवात मात्र डॉक्टर, माळी, बाई, सगळ्यांची भाषणं आधी माझ्या तोंडून वर जायची. खरं सांगतो, त्या खड्ड्यात माझा जीव अडकला होता. बाहेर यायचो तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. स्टँडवरचे ड्रायव्हर विचारायचे, "काय, जेजुरी करून आला काय?"

*

तालमीला सुभेदार सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि ओरडायचे, "आवाज! आवाज यीना!"

आमचे बापू कंपाउंडर नाटकात डॉक्टर व्हायचे. ते आधीच खणखणीत. तरी "आवाज!" शालिनीबाई शाळेत मास्तरीण, पन्नास मुलं गप्प करणारा गळा. तरी "आवाज!" मग काय, आमच्याकडं प्रेमाचा प्रवेशसुद्धा भांडणासारखा व्हायचा. "मी तुमचीच आहे!" हे वाक्य बाई अशा काही गर्जायच्या की बापू दोन पावलं मागं सरायचे.

एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी खरोखरच पोलीस हवालदार आणला. "गोदामात मारामारी चाललीय," म्हणून. हवालदार आला, दारात उभा राहिला, मग बाकावर टेकला. अर्ध्या तासानं टोपी मांडीवर ठेवून विचारतो कसा, "मग खून केला कुणी?"

झालं! सुभेदार ताडकन उठले. "मारुती, ह्येंला भाईर सोड. पोलीस असून आमाला इचारतोय खुनी कोण. मला डाऊट हाय!"

*

ते रहस्यनाटक सुभेदारांनीच लिहिलेलं. इनामदाराचा खून झालाय, घरात डॉक्टर, माळी आणि बाई, तिघांपैकी खुनी कोण ते तिसऱ्या अंकात कळतं. फुटू नये म्हणून त्यांनी जुन्या कंपन्यांची पद्धत काढली. प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या भाषणांची वही. दुसऱ्याचं भाषण दिसायचंच नाही. सबंध संहिता एकट्या माझ्याकडं, तीही सुतळीनं बांधून.

पहिल्या प्रयोगाला चार दिवस राहिले आणि शालिनीबाई वही घेऊन आल्या. "सुभेदार, बाकी काही विचारत नाही. मला एवढं तरी सांगा, या नाटकात माझा नवरा कोण?"

"येळ आली की कळंल!"

जाहिरातीचंही तेच. नाटकाचं नाव छापलं तर कुणी ओळखेल, म्हणून बोर्डावर लिहिलं होतं, "नाटक आहे. या."

खुनी होते बापू, पण ते बापूंना रंगीत तालमीला कळलं. शेवटचं पान वाचून त्यांचा चेहराच उतरला. "मी? आवं, मी माळकरी माणूस! मुंगी चिरडत नाही!"

*

पहिला प्रयोग. गोदाम गच्च. पडदा उघडला, इनामदार मेलेला, बाई गर्जून रडल्या, पब्लिक शिंकलं, सगळं ठरल्याप्रमाणं. मग बापू डॉक्टरची बॅग घेऊन आत आले. अजून एक शब्द बोलले नव्हते. तोच मागून आरोळी, "आला रं आला! खुनी आला!"

सगळं गोदाम हसलं. मी पेवातून मान वर काढली. पहिलाच प्रयोग, नाटक कुणी बघितलेलं नाही. मग कळलं कसं?

बापूंचे हाल तर विचारू नका. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक म्हातारी बाटली पुढं धरून म्हणाली, "आदी तुमी प्या." बापूंनी खोकल्याचं औषध घोटभर पिऊन दाखवलं, तेव्हा तिनं बाटली नेली. आठवडाभर बापू पेशंटच्या आधी औषध पीत होते. खोकला त्यांचाच गेला!

सुभेदारांनी आम्हाला ओळीत उभं केलं. "हितं फितूर हाय."

मग त्यांनी खुनी बदलला! तिसरा अंक नव्यानं लिहिला, आता खुनी माळी. माळी व्हायचा तेलाच्या गिरणीतला दिनू. हे फक्त दिनूला आणि मला माहीत. दुसऱ्या रविवारी दिनू झारी घेऊन आला आणि पुन्हा तेच, "आला रं खुनी! झारीत इख हाय बघा!" झारीत विष आहे हे मी संहितेत वाचलं होतं, पण पब्लिकनं कुठं वाचलं?

सुभेदार प्रयोगानंतर पेवाच्या तोंडाशी आले. मी खाली, ते वर. "दिनू कुणाशी बोलत न्हाई, त्यो लाजतो. मग ऱ्हायलं कोण?"

"सुभेदार, देवाशपथ मी नाही."

"ज्येची नोकरीच ईल त्येला सांगायची हाय, त्येच्यावर डाऊट घ्यायचा न्हाई तर कुणावर घ्यायचा?"

मला इतका राग आला की काय सांगू! आणि रडूही आलं. इतकी वर्षं लोकांना वेळा सांगत होतो, ती माझ्याविरुद्ध साक्ष झाली!

मग त्यांनी सगळ्यांसमोर किल्ली रुमालात बांधली. "सातारचा प्रयोग हाय. तितं फितूर सापडला तर त्येला हाकलीन अन् थिएटर चालवीन. न्हाई सापडला, तर सोमवारी किल्ली शेठच्या हातात. घरात फितूर ठिवून मी पडदा उघडत न्हाई."

शेठच्या मुलाला हे कुणीतरी कळवलं असावं. त्याच आठवड्यात तो टेप घेऊन गोदामाची लांबीरुंदी मोजून गेला. पेवाच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "हे पहिल्यांदा बुजवायला पाहिजे." मी खाली बसूनच ऐकलं.

*

साताऱ्याला निघालो लॉरीतून. पुढं केबिनमध्ये सुभेदार आणि मारुती, मागं आम्ही, पडदे आणि इनामदार. सगळे एकमेकांकडं चोरून बघत होतो. बापू दिनूकडं, दिनू शालिनीबाईंकडं, आणि तिघं मिळून माझ्याकडं. इनामदारावर डोकं ठेवून पडावं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "त्याच्या कानात काही सांगू नका हं!" चेष्टाच, पण लागली.

कऱ्हाडला लॉरी थांबवून सुभेदारांनी मला एक बंद लखोटा दिला. "नवीन खुनी यात हाय. उंब्रजला फोडायचा. कुणाला सांगायचं न्हाई, ज्येला करायचंय त्येलाबी न्हाई. शेवटच्या अंकात तू तोंडात शब्द घाल."

उंब्रजला लॉरी थांबली. मंडळी हातपाय धुवायला गेली. सुभेदार मारुतीला घेऊन चहाच्या टपरीवर बसले. मी लॉरीतच लखोटा फोडला. आत एकच ओळ, "आज खुनी बाई," आणि खाली तिसऱ्या अंकाची नवी पानं. वाचून कागद बनियनच्या आत घातला. लॉरीतून खाली पाऊलसुद्धा टाकलं नाही. चहाही नको म्हटलं, का तर चहा घेता घेता चुकून तोंडातून जाईल!

सगळे चढले. लॉरी हलली. तेवढ्यात टपरीवाला हाताचा कर्णा करून ओरडला, "बाई, आज खून नीट करा बरं का!"

शालिनीबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मी खून करतेय?"

दिनूनं केबिनच्या फळीवर धपाधप बुक्क्या मारल्या. लॉरी थांबली. सुभेदार मागं आले. दिनूनं झालं ते ओरडून सांगितलं.

"लखोटा कुणापाशी हुता?"

"माझ्यापाशी."

"फोडला?"

"फोडला. पण सुभेदार, मी लॉरीतनं उतरलोच नाही! मागं फिरू या, त्या टपरीवाल्याला विचारू या!"

"फौजी मागं फिरत न्हाई." त्यांनी हात पुढं केला. मी बनियनमधून कागद काढून दिला, सुतळी बांधलेली संहिताही दिली. "डाऊटवर मी कुणाला फाशी दीत न्हाई. पुरावा न्हाई. पर आज तू शब्द द्यायचा न्हाईस. आत-भाईर करत बापू दीतील."

साताऱ्यापर्यंत सगळे माझ्याकडं पाठ करून बसले. हातात कागद नाही म्हटल्यावर हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

*

आता हा शेवटचा. हा मी आजपर्यंत कुणाला सांगितला नव्हता, स्मरणिकेतही छापू नका.

साताऱ्याच्या हॉलवर आमचे सगळे आत गेले, रंगायला बसले. मला आत मज्जाव. मग करतो काय? बाहेर पब्लिकच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या नाटकाच्या रांगेत! एरवी या वेळेला मी पेवात असायचो.

रांग दारापर्यंत गेलेली. दारात मारुती. आतून सुभेदार आले, इकडं तिकडं बघितलं, कुणी आपलं माणूस जवळ नाही याची खात्री केली. मला गर्दीत बघितलं नाही. मग मारुतीच्या कानाशी वाकले, तोंडाला आडवा हात लावला आणि गुपित बोलले.

गुपित! अहो, तोफखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस! कुजबुज म्हणजे किती आवाज, हे त्यांच्या कानाला कुठून कळणार? समोरच्या झाडावरचे कावळे उडाले!

"मारुती! आज बाई खुनी हाय! दुधातनं इख घालनार! बाई आत गेली का?"

"व्हय साब."

"कुणाला कळता कामा नये!"

"व्हय साब."

रांगेत खसखस पिकली. माझ्या पुढचा माणूस मागं वळून मला म्हणतो, "बाई आली की ओरडायचं हं!"

मला हसू येईना. सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं. आमचं गेट, त्या दोन दुपारी, झारीतलं विष. उंब्रजची टपरी, तिथं मारुतीच्या शेजारी बसलेले सुभेदार. मागच्या बाकावरून "आवाज! आवाज यीना!"

वाटलं, जावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. फितूर तुम्हीच! पेवाच्या तोंडाशी येऊन मला रडवलंत ना? घ्या आता!

दोन पावलं पुढं गेलोही. आणि त्यांच्या खिशातून ती रुमालाची गाठ डोकावताना दिसली, किल्लीची. हा माणूस स्वतःला माफ करणाऱ्यांतला नव्हता. सांगितलं असतं तर सोमवारची वाट न बघता त्यांनी किल्ली शेठकडं टाकली असती, कुंडलला जाऊन दार लावून बसले असते. आणि पेवात शेठच्या मुलानं माती ओतली असती.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पाय लटपटत होते, स्टेजवर लटपटतात तसेच.

"सुभेदार, मी सांगितलं," मी जोरात म्हणालो, "तिन्ही वेळा मीच!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी काखेतली संहिता काढली आणि माझ्या छातीवर आपटली.

"शिक्षा मागनं बघू. आत जा. बापूंनी सगळी पानं उलटी लावल्यात. बाईला शब्द दे!"

मी संहिता छातीशी धरली आणि पळालो. दारातून आत शिरतोय तोच मागं पुन्हा ती कुजबुज, साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशी.

"मारुती! मला डाऊट हाय! ह्यो खोटं बोलतोय. ह्येच्या बाला जमायचं न्हाई फितुरी. कुणाला तरी पाठीशी घालतोय! आता किल्ली द्यायची न्हाई. खरा फितूर सापडंस्तवर थिएटर चालू ठिवायचं. कितीबी वर्सं लागू देत! तू नजर ठेव!"

मी वळून बघितलं. मारुती त्यांच्याकडं बघत होता.

"ठेवलीया साब," मारुती म्हणाला, "पैल्या प्रयोगापासनं ठेवलीया."